मैत्रीच्या घरची प्रार्थना

मॅसॅच्युसेट्समधल्या त्या छोट्या गावात मैत्री रोज सकाळी पांढरी टोपी आणि घोळदार राखाडी झगा चढवून कामावर जायची. नोकरीच तशी! पहिल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांचं गाव म्युझियम म्हणून जपलेलं, आणि ही नागपूरची बाई तिथली गाइड. पर्यटक आधी चक्रावायचे, मग तिच्या गोष्टीत असे गुंतायचे की टोपीबिपी विसरून जायचे.

तिची लाडकी गोष्ट हॅनाची. आपल्या मनाजोगी प्रार्थना करता यावी म्हणून ही माणसं घरदार सोडून, समुद्र ओलांडून इथे आली. आणि हॅना नावाची बाई स्वतःच्या घरात वेगळी प्रार्थना करते म्हटल्यावर त्याच माणसांच्या पोटात दुखायला लागलं. "चाबूक नंतर निघाला," मैत्री सांगायची. "आधी शेजारची भली माणसं ताजा पाव घेऊन दारात आली. म्हणाली, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय, दुसरं गाव बघ."

मराठी शाळेतल्या गिरिजाकाकू एकदा पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या. गोष्ट ऐकून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "काय मेले दुष्ट लोक गं!" मैत्रीला त्या तेव्हा फार आवडल्या.

ही मराठी शाळा म्हणजे मैत्रीचा जीव की प्राण. रविवारी चार-पाच घरची मुलं आळीपाळीने एकेकाकडे जमायची. मैत्रीची आठ वर्षांची इला एरवी इंग्रजीच फाडायची. पण शाळेत जायला लागली आणि नागपूरच्या आजीशी फोनवर चक्क मराठीत भांडायला लागली. आजीला दुसरी भाषा येत नव्हती. शाळा सुरू होईपर्यंत दोघी स्क्रीनवर नुसते हात हलवायच्या. ही शाळा टिकावी म्हणून मैत्रीने काय वाट्टेल ते केलं असतं.

केलंच होतं म्हणा. नवरा बुद्धभूषण, पण शाळेत त्याने पहिल्याच दिवशी "मी भूषण" एवढंच सांगितलं. "तुम्ही मूळचे कोण?" असं कुणी विचारलं की दोघं "नागपूरचे" म्हणून विषय बदलायचे. एवढ्या लांब येऊनही हे चुकलं नाही, बघा!

शाळेची एक पद्धत होती. ज्याच्या घरी शाळा, त्याच्या देवघरासमोर मुलांनी उभं राहायचं, त्या घरची प्रार्थना म्हणायची, मगच धडा. मैत्री वर्षभर काहीबाही सांगून आपली पाळी टाळत राहिली. शेवटी इलाच हट्टाला पेटली.

"बाबासाहेबांचा फोटो एक दिवस आत ठेवू," बुद्धभूषण म्हणाला.

मैत्री भडकली. "त्या फोटोसमोर आपलं लग्न लागलं! काही काढायचं नाही. चांगली माणसं आहेत ती."

रविवारी सगळे आले. समोर बुद्धाची मूर्ती, वर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. इला पुढे झाली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बुद्धं सरणं गच्छामि." मुलांनी तिच्यामागून म्हटलं, छान म्हटलं. मागे उभ्या असलेल्या मोठ्यांपैकी एकानेही हात जोडले नाहीत.

धडा झाल्यावर मैत्रीने मसालेभात आणला. मुलांच्या आईबाबांपैकी राजेशला अचानक डाएट आठवलं, सुलेखाचा उपास निघाला, आणि गिरिजाकाकूंनी नातवाला, वीरला, भरल्या ताटावरून उठवलं. पातेलं जवळजवळ तसंच राहिलं.

पुढच्या रविवारी मेसेज आला, शाळा कॅन्सल. त्याच्या पुढच्याही रविवारी तोच. मैत्री इलाला घेऊन ग्रोसरीला निघाली, तर गिरिजाकाकूंच्या दारात सगळ्यांच्या गाड्या उभ्या.

"मॉम, स्कूल इज ऑन!" इला मागच्या सीटवरून ओरडली. "स्टॉप ना!"

मैत्रीने गाडी पुढे काढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरिजाकाकू आल्या. हातात चकल्यांचा डबा, अजून कोमट. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"गैरसमज नको हं करून घेऊ," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "मी स्वतः तसलं काही मानत नाही. पण बाकीच्यांना जरा ऑकवर्ड होतं गं. तुमच्या लोकांचीही असेल ना एखादी शाळा? इलाला तिथेच बरं वाटेल. तिच्याच भल्यासाठी सांगते."

हेच तर मैत्री रोज टोपी घालून लोकांना सांगत होती.

"काकू, हॅनाची गोष्ट आठवते तुम्हाला?"

"कोण हॅना?" काकूंना खरंच आठवत नव्हतं.

"डबा घेऊन जा, काकू," मैत्री म्हणाली आणि तिने दार लावलं.

ती वळली तर भिंतीवर नुसता खिळा. मूर्तीही जागेवर नव्हती. इला जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काकूंची कार बघितली तेव्हाच मी टॉवेलमध्ये रॅप करून माझ्या क्लॉझेटमध्ये ठेवलं," ती हळूच म्हणाली. "आता मला येऊ देतील ना? नाहीतर मी आजीशी कशी बोलणार?"

मैत्रीला रडू फुटलं. रडतरडतच ती वर गेली, फोटो आणि मूर्ती घेऊन आली. मूर्ती जागेवर ठेवली, फोटो पुसून त्याच खिळ्याला लावला. "आपल्या घरात आपण काही लपवायचं नाही, बाळा. ज्याला बघायचं त्याला बघू दे."

इला उठून रस्त्याकडच्या खिडकीपाशी गेली आणि तिने पडदा ओढून घेतला.