मागून आणलेला थाट

तेव्हा माझे गुडघे धड होते आणि अक्कल नव्हती. आता उलटं झालंय असं मी म्हणते. गुडघ्यांपुरतं नातवंडांना पटतं.

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या आमच्या चाळीत शेजारणीचा नवरा तुरुंगात होता. कापडाचे ताके चोरल्याचा आळ. खटला अजून उभाच राहिलेला नव्हता. कोर्टानं जामीन दिला, पण अट घातली: सुरतेत ज्याच्या नावावर घर आहे असा जामीनदार आणा. आम्ही सगळे खानदेशातून लूमवर कामाला आलेले, भाड्याच्या खोल्यांतले. त्यामुळे जामीन मिळूनही माणूस आतच.

अशा कैद्यांसाठी गुजरातेतल्या तुरुंगांत वकील नेमायचे आणि त्यांचा पगार आपण द्यायचा, असं मुंबईच्या एका ट्रस्टनं मनावर घेतलं होतं. सुरतेला वकील द्यायचा की नाही हे ठरवण्याआधी त्यांची दोन माणसं एखादं कुटुंब बघणार होती. तुरुंगात काम करणारी एक वकील पोरगी शेजारणीला सांगायला आली, की ती माणसं तुमच्याच घरी येतील. मी तिथे होतेच. मी कुठे नसायचे?

"काही मांडामांड करू नका, आक्का. आहे तसं दिसू द्या," ती मला म्हणाली.

आहे तसं? पाहुण्यांना? चार पोरींची लग्नं जमवलेली बाई मी. बघायला माणसं येणार म्हटल्यावर मी पदरच खोचला. एका घरातून टीव्ही आणला, दुसऱ्या घरातून गादीच्या खुर्च्या. शेजारणीच्या गळ्यात माझी सोन्याची पोत घातली. खापरावर मांडे केले. तिला बजावलं, "विचारतील तेवढंच बोल, मान खाली."

एक बाई आणि एक साहेब आले. खोलीभर नजर फिरवली. बाईंनी विचारलं, "घरात अडचण काय आहे?"

शेजारणीनं सांगितल्याप्रमाणे मान खाली घातली. मग मीच म्हणाले, "देवदयेनं काही कमी नाही हो आम्हाला!"

मुलीकडच्यांनी हेच म्हणायचं असतं. वकील पोरीनं कपाळावर हात मारला. बाईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग पोतीकडे. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात दारात समोरच्या खोलीतली म्हातारी. "खुर्ची दे वं माय, मना जवाई ऊना!" तिचा जावई आला होता, आणि तिच्या खुर्चीत साहेब बसले होते. साहेब मांड्याची ताटली घेऊन उठले. म्हातारी खुर्ची उचलून गेली. मी हसून म्हटलं, "घरोबा आहे आमचा." एवढं झालं तरी मी थांबले नव्हते.

शेजारणीनं गळ्यातली पोत काढली, माझ्या हातात दिली आणि बाईंना म्हणाली, "ही यांची. टीव्ही तिकडचा. खुर्च्या तुम्ही पाहिल्याच. लोक मला सगळं देतात, ताई. पण कोर्टाला सुरतेतलं घर पाहिजे. ते मी कुणाकडून मागून आणू?"

साहेबांनी उभ्यानंच पेनाचं टोपण काढलं.

बाईंनी जाताना स्पष्ट सांगितलं, "एका माणसाला सोडवायला आम्ही पैसे देत नाही. वकील देऊ, तो सगळ्यांचा असेल." शेजारणीनं मान डोलावली. मला मात्र राग आला होता. एवढे मांडे खाल्ले आणि एक माणूस सोडवत नाहीत!

पुढे वकील आला. घर नसलेल्याला घराची अट घालून काय उपयोग, असं त्यानं कोर्टात मांडलं. कोर्टानं ऐकलं आणि नवऱ्याच्या स्वतःच्या हमीवर त्याला सोडायचं ठरलं. खटला चालूच राहणार होता, पण माणूस घरी येणार होता.

त्याला तुरुंगातून आणायच्या दिवशी मी नवी साडी नेसून दारात उभी. शेजारीण रिक्षात बसली, जरा सरकली. मी पाय उचलला तर म्हणते, "आक्का, पिशवी ठेवायला सरकले. तुम्ही घरीच थांबा."

थांबले. संध्याकाळी दोघं आले. त्यानं मला विचारलं, "आक्का, हा वकील मिळाला कसा?"

मी तोंड उघडलं. शेजारणीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"तूच सांग गं," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.