बाबांची पेज

मी निघाले त्या सकाळी लालबागच्या आमच्या खोलीत बाबा वजनकाटा घेऊन उभे होते. बॅग दीड किलोने जास्त भरत होती. आईने तळाशी दडवलेली उकड्या तांदळाची पिशवी त्यांनी बरोबर हुडकून काढली. "तिथे काय तांदूळ मिळत नाहीत?" आई पिशवी उचलून आत गेली. खाली टॅक्सी थांबली होती, शेजारपाजारचे जिन्यात जमले होते, आणि मला रडायचं होतं ते या तांदळाच्या भानगडीत राहूनच गेलं. त्याला बारा वर्षं झाली.

तुम्हा मागे राहिलेल्यांना वाटतं, आम्ही इकडे मेलबर्नला सुखात आहोत. आहोतच. पण गेल्या महिन्यात माझ्या घशातून पोटात दुर्बीण घालून एक छोटी गाठ काढली, आणि पुढच्या तीन दिवसांत ते सुख उघडं पडलं. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं: जेली, गाळलेलं सूप, साधं दही, कुस्करलेला बटाटा. मी हिरवी जेली खाल्ली, पिवळी खाल्ली. आजारी माणसाला थरथरणारा साबण खायला घालणारी ही कुठली माणसं, असं मोठ्याने म्हणाले. ऐकायला घरात कोणी नव्हतं. सूप तर निव्वळ गरम पाणी. मला पेज हवी होती. आणि इंडिपेंडंट म्हणून इतकी वर्षं मिरवणाऱ्या या चाळिशीच्या बाईला पेज करता येत नव्हती. आई करायची, मी ओरपायचे. शिकून घ्यावं असं कधी डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी घरी फोन लावला. खरं सांगायचं नाही हे ठरलेलं होतं, उगाच घोर कशाला. मेलबर्न काय नि न्यू जर्सी काय, आम्ही सगळे हेच करतो. ऑफिसातल्या मैत्रिणीची प्रोसिजर झालीय, तिच्यासाठी पेज करायचीय, असं सांगणार होते. पण आई भाजीला दादरला गेलेली, आणि फोन बाबांनी उचलला. म्हणजे संपलंच. हा माणूस उभ्या जन्मात फक्त पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलेला. तरी मी तणतणत मैत्रिणीचं पुराण सांगून टाकलं.

"लिहून घे गो," बाबा म्हणाले. "उकडे तांदूळ मूठभर. मिक्सरला एकदाच फिरव, पीठ नको करू. पाणी आठपट. पहिल्या दिवशी नुसती वरची निवळ, ती पण कोमट. गरम दिलीस तर गिळवत नाही, घसा आतून सोलल्यासारखा असतो. मग शितं कुस्करून. तूप एवढ्यात नको, मळमळतं."

मी लिहायची थांबले. "बाबा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

 बाबा म्हणाले, "होळीच्या सुमाराला तुझ्या आईच्या घशातून दुर्बीण घातली, गाठ काढायला. परळच्या हॉस्पिटलात. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी. गाठ साधीच निघाली. चार दिवस पेज मीच करत होतो."

होळीच्या सुमाराला आईचा आवाज बसला होता. आइस्क्रीम खाल्लं म्हणाली, आणि या वयात आइस्क्रीम कसलं खातेस म्हणून मी तिला व्हिडिओ कॉलवर चांगलं झापलं होतं. ती हसत होती. ते आठवलं आणि मला इतका राग आला की मी ओरडलेच, "मैत्रीण नाही, मीच आहे! माझंच पोट आहे!"

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "मैत्रिणीच्या पोटासाठी कोण एवढं तणतणतं?"

म्हणजे, "आई आली की विचार," एवढं सांगून त्यांना सुटता आलं असतं. पण मीच आजारी आहे हे ओळखून, आपलं बिंग फुटणार हे कळूनही त्यांनी पेजेचं सगळं सांगितलं.

तेवढ्यात आई आली. तिने आधी माझी उलटतपासणी घेतली, मग मी तिची. शेवटी वैतागून म्हणाली, "तुला सांगून तू काय करणार होतीस इतक्या लांबून?"  त्याचं उत्तर आता सुचतंय. काही करू शकले नसते, आई. पण आइस्क्रीमवरून झापलं तरी नसतं.

संध्याकाळी इंडियन स्टोअरमधून उकडे तांदूळ मागवले आणि लिहून घेतल्याबरहुकूम पेज केली. आईची पेज घट्ट असते, वरून ओलं खोबरं. ही पातळ, भरड, नुसत्या मिठाची. इथे घर म्हणजे काय असं कोणी विचारलं, तर बारा वर्षं मी आईच्या हातची चव असं ठोकून देत आलेय. वाटी संपवली, पुन्हा भरून घेतली. आमच्या घरचीच चव होती, आणि मला ती माहीत नव्हती.