नव्या फरशीवर सारवण

चर्चच्या आवारातली ती फरशी माझ्या सहीनं बसली, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. मी सिव्हिल इंजिनिअर. टेक्ससमधल्या प्लेनोच्या आमच्या पॅरिशनं, म्हणजे चर्चच्या मंडळीनं, आवाराची सुधारणा काढली, तेव्हा मला कमिटीत घेतलं आणि मी फुशारून गेले. जुना हॉल पाडायचा, पार्किंग वाढवायचं, चर्चच्या दारापासून नव्या हॉलपर्यंत मोठा फरसबंद चौक करायचा. नकाशात जुन्या ओकच्या झाडाखालची जागा 'मोकळी जमीन' म्हणून दाखवली होती. मी ते वाचलं आणि खाली सही केली.

त्या मोकळ्या जमिनीवर अकरा वर्षं माझी आई नाताळचा गोठा करत होती.

आम्ही वसईकडचे कॅथलिक. आमच्या गावात बाळ येशूचा गोठा कुणी दुकानातून आणत नाही. बांबू, पेंढा, माती, दोरी, सगळं हातानं. दोन आठवडे आधी ताटात नाचणी पेरायची, म्हणजे नाताळापर्यंत गोठ्यापुढं वीतभर हिरवं शेत उभं राहतं. आणि या सगळ्याच्या आधी जमीन शेणानं सारवायची. आईच्या मते सारवल्याशिवाय केलेला गोठा हा गोठाच नव्हे, ती गाड्या ठेवायची शेड.

वडील गेल्यावर मी आईला इकडे आणलं. तिला इंग्रजी येत नाही आणि गाडी चालवता येत नाही. प्लेनोत या दोन्ही गोष्टी नसल्या की माणूस घरातल्या घरात राहतो. वर्षभर ती चर्चमध्ये माझ्या शेजारी गप्प बसायची. डिसेंबर आला की मात्र लोक तिला शोधत यायचे. कुणी पेंढ्याचा भारा आणून द्यायचं, कुणी नुसतंच बाजूला उभं राहून तिची दोरीची गाठ बघायचं. चर्चच्या क्वायरमध्ये गाणाऱ्या एका बाईंचा उत्तरेकडे गुरांचा रँच आहे. त्या दर वर्षी झाकणाची बादली भरून शेण द्यायच्या आणि कधीच का म्हणून विचारायच्या नाहीत. बाकी सगळ्यांना तो चिखल वाटायचा. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. बादली आणायची मी, झाकणाला टेप मारून, गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून. हात मात्र कधी घातला नाही.

या वर्षी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्याच रविवारी कमिटीचं पत्रक निघालं. नव्या चौकासाठी तयार नेटिव्हिटी सेट, म्हणजे गोठ्यातल्या पुतळ्यांचा संच, येणार होता, पुरुषभर उंचीचा, पांढराशुभ्र, खाली दिवे लावलेला. इतर कुठलीही सजावट चौकात चालणार नाही. मी स्वतः कमिटीत असून मला हे पत्रक वाचून कळलं, यावरून कमिटीत माझी किंमत काय ते समजा.

रात्री जेवताना आईला सांगितलं. ती आमच्या वसईच्या बोलीत बोलते. इथं मी ते सरळ करून लिहितेय.

"गोठा नाही?"

"या वर्षी नाही गं. फरशी झालीय ना तिथं."

"मग माझं तिकीट काढ."

ती रागावली नव्हती. पाणी दे म्हणावं तसं म्हणाली.

"आई, तिकडे घर बंद आहे. तिकडे आहे कोण तुझं?"

"आणि इकडे कोण आहे?"

मी होते ना समोर. पण ती काय विचारतेय ते मला कळलं आणि मी पुढचा घास तसाच हातात धरून बसले.

कमिटीचे अध्यक्ष रिटायर्ड गृहस्थ, कायम इस्त्रीच्या शर्टात, बोलायला फार गोड. मी त्यांच्याकडे गेले. "वी लव्ह युअर मॉम्स मेंजर," ते म्हणाले. मग म्हणाले, पण नवी फरशी आहे, सगळ्याला एकसारखा लुक हवा. त्यांनी उदार मनानं दुसरी जागा सुचवली. जिमच्या मागं, कचऱ्याच्या मोठ्या डब्यांच्या शेजारी. तिथं छान प्रायव्हसी आहे म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी मी "थँक यू" म्हणून बाहेर आले. इतक्या वर्षांत अमेरिकेनं मला काही शिकवलं असेल तर ते हे, जळत असताना थँक यू म्हणणं. आणि त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या मी ठरवलं की झालं एवढं पुरे.

नाताळापूर्वीच्या शनिवारी पॅरिशचा सजावटीचा दिवस असतो. कुणाला न विचारता मी आईला, बांबूंना आणि बादलीला घेऊन गेले. झाड तोडलेलं, तरी आईनं नेमकी जागा ओळखली. पाट मांडून बसली आणि नव्याकोऱ्या फिकट फरशीवर हातानं अर्धी अर्धी वर्तुळं काढत सारवायला लागली. शिड्यांवर दिवे लावणारे लोक थांबले. पाच मिनिटांत अध्यक्ष आले.

"हे काय आहे?"

चिखल, म्हणता आलं असतं. अकरा वर्षं तेच चाललं होतं.

"गाईचं शेण," मी सांगितलं.

ते दोन पावलं मागं सरकले. मग आवाज खाली आणून, मला सांभाळून घेत असल्यासारखं म्हणाले, "इज दॅट अ हिंदू थिंग?"

इथं मला थोडं थांबायला हवं. मराठी मंडळात गेलं की विचारतात, "तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी इतकं छान कसं? कधी कन्व्हर्ट झालात?" चर्चमध्ये विचारतात, तुम्ही मूळच्या हिंदू ना? दोन्हीकडे मी हसून उत्तरं देत आलेय. त्या दिवशी नाही हसले. हिंदू शेजारणी सारवतात आणि आम्हीही सारवतो. शेण कुणाच्या एकट्याच्या धर्माचं नाही. मी म्हटलं, "सर, तुमचा देश जन्मायच्या आधीपासून आमच्या गावात चर्चची घंटा वाजतेय. आणि तुमच्या त्या सेटमध्ये बैल आहे, गाढव आहे, त्यांना पोट नाही का?"

कुणीतरी शिडीवर खुदकन हसलं. अध्यक्ष लाल झाले. फादरांना बोलावलं गेलं. फादर भले, पण भांडण दिसलं की त्यांना एकदम ऑफिसातलं काम आठवतं. सगळ्यांनी शांततेनं घेऊ या, म्हणाले आणि गेले. आईला यातलं अक्षरही कळलं नव्हतं. ती सारवून उठली, आम्ही सांगाडा उभा केला आणि घरी आलो. मी विजयी मुद्रेनं गाडी चालवत होते.

विजय एक दिवस टिकला. रविवारी सकाळची प्रार्थना, म्हणजे मिसा, संपवून बाहेर आलो तर सारवण पापुद्र्यांनी सुटत होतं. मला आधीच कळायला हवं होतं: त्या फरशीला सीलर लावलेलं आहे, काही मुरत नाही, काही धरत नाही. ते सीलर मीच निवडलं होतं. सोमवारी अध्यक्षांनी पाइप लावून जागा धुऊन काढली. बांबू आणि पेंढा नीट बांधून जिमच्या मागं, डब्यांच्या शेजारी ठेवला. नीट बांधून, हेच मला जास्त लागलं. संध्याकाळी आम्ही जाऊन ते बघितलं. घरी येऊन आईनं माळ्यावरची बॅग काढायला सांगितली आणि तिच्या साड्यांच्या घड्या करायला लागली. ताटातली नाचणी खिडकीत हिरवीगार झाली होती.

चोवीस तारखेला आमच्याकडे दुपारी चारला लहान मुलांची मिसा असते. आई म्हणाली, मी येते, पण गाडीतच बसेन, तो पांढरा गोठा मला बघायचा नाही. आम्ही दीड तास आधी पोचलो; मागच्या सीटवर मी नाचणीचं ताट आणि उरलेल्या शेणाची बादली ठेवली होती. पार्किंगच्या कडेला खोदकामातल्या काळ्या मातीचा ढीग अजून पडून होता, आमच्या टेक्ससची ती चिकट माती, जिनं माझ्या नोकरीत इमारतींचे पाये घालताना मला रडवलंय. म्हटलं, आज हिच्याकडून काम करून घेऊ. निम्मी माती, निम्मं शेण, थोडं पाणी. नाताळासाठी शिवलेला रेशमी कुर्ता होता अंगावर. मी बाह्या वर सारल्या, फरशीवर गुडघे टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा बादलीत हात घातला. थंडगार लागलं. घाण वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

अध्यक्ष पाइप घेऊनच आले. "प्लीज. लोक यायची वेळ झालीय."

"येऊ देत," मी खालूनच म्हटलं. "ही फरशी मी बसवली. डाग पडणार नाही, मी लिहून देते. आणि पडला तर पडू दे. सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत हे इथून हलणार नाही. पाणी सोडायचं तर माझ्यावर सोडा."

ते उभेच राहिले. पाइपातून पाणी ठिबकत होतं. तेवढ्यात पहिली कुटुंबं आली. एक बाई मुलीचा हात धरून थांबली, माझ्याकडे बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं. "व्हेअर इज द ग्रँडमा?" तिनं विचारलं. मागच्या माणसानंही तेच विचारलं. आजारी आहेत का? यंदा येणार नाहीत का? त्या बाईच्या मुलीनं बूट माखू नयेत म्हणून चुकवून पाऊल टाकलं आणि विचारलं की हिरवं गवत कुठाय. अध्यक्ष हे सगळं ऐकत होते. त्यांनी जाऊन नळ बंद केला, आणि थोड्या वेळानं जिमच्या मागून बांबूंची मोळी खांद्यावर घेऊन आले. इस्त्रीच्या शर्टाला पेंढा लागला होता.

मी गाडीकडे जाऊन दार उघडलं. "आई, लोक तुला विचारतायत."

"कोण लोक?"

"ये आणि बघ."

ती आली, एका हातात नाचणीचं ताट. लोकांकडे तिनं बघितलंच नाही. खाली बघितलं, वाकून बोटानं एक कडा चाचपली, आणि पदर खोचला.

"हे काय सारवण? नुसत्या गुठळ्या. सरक तिकडे." ती माझ्या शेजारी टेकली, माझं मनगट धरलं आणि माझा माखलेला हात आपल्या हाताखाली घेऊन फरशीवर फिरवला. "हात असा हलका ठेव, बाय. राहू दे, पुढच्या नाताळाला नीट शिकवते."

"पुढच्या नाताळाला?"

"मग काय, एका दिवसात येणार आहे का तुला?"