व्याह्यांच्या घरचा उपवास

माझं पोट अमळनेरच्या घराबाहेर काम करत नाही. डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात. आतड्यांना रोग काही नाही, पण ती रुसतात, पोट साफ होत नाही आणि कळा येतात. उपायही साधेच: सकाळी कोमट पाणी, ठरलेली वेळ, पायाखाली पाट, रात्री इसबगोल, तिखट बेतानं आणि घाई अजिबात नाही. घरी मी आणि बायको, दोघंच, त्यामुळे हे सगळं जमतं.

लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या सासरी, शिरपूरला, दोन दिवस राहायला एकटाच निघालो. फोनवर ती "मी मजेत आहे" म्हणायची, पण फोनवर रडगाणं कोण गातं? पोरगी तिथं मोकळी झाली की नाही, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. निघण्याआधी तिला बजावलं, माझ्या पोटाबद्दल तिथं अवाक्षर काढायचं नाही. मुलीच्या बापाची काही इज्जत असते!

पोचलो तर शेवभाजीचा बेत. वर लालभडक तर्री आणि खानदेशी आग्रह. आमच्याकडे पाहुण्याचं "नको" कोणी मनावर घेत नाही. घाबरून मी ठोकून दिलं, "आज माझा उपवास आहे."

विहीणबाई तडक स्वयंपाकघरात. भगर आली, शेंगदाण्याची आमटी आली, बटाट्याचा कीस आला, कच्च्या केळीचे वेफर्स आले. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, कारण उपवास दिवसभराचा असतो म्हणे! आगीतून निघून फुफाट्यात पडलो. कोंडा नाही, भाकरी नाही, नुसतं चिकट आणि तळलेलं.

सकाळी पोटात पीळ. घरात माणसं सात, संडास एक. मी ओसरीवर पाय पोटाशी घेऊन बसलो होतो, तेवढ्यात विहीणबाई कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"भाऊ, काल रातले सूननी माले बठ्ठं सांगं. पाट तठे ठेवेल शे. निवांत बसा. आज कोनलेच घाई नही."

म्हणजे पोरीनं सगळं सांगितलं होतं, पाटासकट! माझे कान तापले. पण पोटापुढे कसली इज्जत? गेलो. अर्धा तास दारावर एक टकटक नाही. जावई ऑफिसची वेळ झालेली असूनही अंगणात पेपर वाचत बसले होते.

हलका होऊन बाहेर आलो आणि थेट लेकीला गाठलं. "तुला बजावलं होतं ना?"

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "आईंपासून काय लपवायचं, बाबा? माझं काही दुखलं तरी मी त्यांनाच सांगते."

सासूपाशी बापाच्या पोटाचा विषय काढणारी पोरगी त्या घरात पाहुणी राहिलेली नव्हती. मला इतका आनंद झाला, की बायकोला लगेच फोन लावला.

"दोन्ही कामं झाली," मी म्हणालो.