चार बोटं वाळू

अण्णा म्हणजे माझा आत्तेभाऊ. माझ्याहून थोडा मोठा. बसवनगुडीत आमच्या दोन घरांमध्ये भिंत एक आणि मोटारसायकलही एकच, दोघांनी मिळून घेतलेली, इंग्लिश बनावटीची. एक आठवडा ती त्याच्या अंगणात, एक आठवडा माझ्या. साठच्या दशकात आमच्या मोटारसायकल क्लबाला सिलोनहून मोटोक्रॉसच्या, म्हणजे माळरानातल्या, शर्यतीचं आमंत्रण आलं, तेव्हा क्लबाने चौघांना निवडलं. त्यांत अण्णा होता. मी पाचवा, राखीव. गाडी तीच, फक्त त्यांना अण्णाचे हात आवडले. माझा नुसता जळफळाट झाला.

आत्याने चिकपेटहून हिरवं कापड आणून सगळ्यांचे शर्ट शिवले. चौघांच्या पाठीवर आकडे आले, माझी पाठ कोरी. "तुझी पाळी आली की लावते की," ती म्हणाली. तिचा मुलगा आरशासमोर मान वळवून स्वतःची पाठ बघत होता.

सिलोनचा ट्रॅक समुद्रकाठच्या वाळूतून जाणार होता आणि आमच्यापैकी एकानेही वाळूत गाडी घातलेली नव्हती. आमची जमीन तांबडी, टणक. तिच्यावर टायर टच्च भरायचा आणि वळण आलं की वेग आवरायचा, हे आमच्या अंगात मुरलेलं. मग क्लबाच्या कॅप्टनने डोकं लढवलं. हेब्बाळजवळच्या माळावर आम्ही सराव करायचो, तिथे त्याने घरबांधणीची वाळू बैलगाडीतून आणवली आणि एका वळणावर चार बोटं जाड पसरायला सांगितली. पसरली कुणी, तर मी, फावड्याने. अण्णा तिच्यावरून दिमाखात जायचा. चाक जरा सरकायचं, की खालची तांबडी माती त्याला धरून ठेवायची. "स्वल्प हळू घेतलं की झालं रे," तो उतरून मला शिकवायचा. माझी पाळी येईपर्यंत वाळू कडेला उडून गेलेली असायची.

आगगाडी, बोट, पुन्हा आगगाडी असं करत पोचलो. बाकीचे समुद्र बघत होते, तेव्हा मी वळणावर जाऊन बुटाने वाळू उकरली. खाली वाळू. आणखी उकरली, तरी वाळूच. मी कुणाला काही बोललो नाही. अण्णा पडावा असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

तो पडलाही. सकाळच्या शर्यतीत पहिल्याच वळणावर त्याने हेब्बाळच्या शिस्तीने वेग कमी केला, पुढचं चाक रुतलं आणि तो हँडलवरून पलीकडे गेला. आमच्या बाकीच्या तिघांचंही तेच झालं, त्याच वळणावर. सिलोनची पोरं मात्र मागे रेलून, वेग जराही न सोडता, गाडीला हवं तसं झुलू देत निघून गेली. मला त्यांचाही राग आला. त्यांच्या परसात समुद्र होता, आमच्या परसात विहीर.

दुसरी शर्यत दुपारी होती. अण्णाचं मनगट टम्म सुजलं होतं. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं आणि मी ताबडतोब हेल्मेट चढवलं, पट्टाही आवळला. अण्णा गाडीशी उकिडवा बसून डाव्या हाताने टायरमधली हवा सोडत होता. वाळूत टायर मऊ हवा, हे तिथल्याच एका पोराने त्याला सांगितलं होतं.

"अण्णा, मनगट बघ तुझं. मला जाऊ दे."

"सुजलंय खरं."

"मग?"

"तू वाळूत पडलेला नाहीस रे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुला आधी पडावं लागेल, मग समजेल. माझं पडून झालंय. बरोबर ना, सरी?"

कॅप्टनने मान डोलावली. अण्णाचं म्हणणं खरं होतं आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. मी हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं, कारण त्याचं सकाळी तडकलं होतं.

अण्णा मागे रेलला, वेग सोडला नाही आणि शर्यत पुरी केली. पुढच्यांच्या जवळपासही नव्हता, पण आमच्यापैकी शेवटपर्यंत पोचलेला तो एकटाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने सुजलेला हात वर केला. माझं हेल्मेट त्याला शोभत होतं.

त्यानंतर आमच्या क्लबाला कुणी कुठे बोलावलं नाही. माझा हिरवा शर्ट अजून कोराच आहे.

अण्णाचं ते मनगट कधी नीट बसलं नाही. थंडी पडली की तो ओसरीवर बसून त्याला तेल चोळतो आणि येणाराजाणारा थांबून विचारतो, काय झालं हो. मग सिलोन निघतं, समुद्र निघतो, ती वाळू निघते. माझी दोन्ही मनगटं ठणठणीत आहेत. त्यांच्याबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.