दोनच माणसांची गाडी

आमच्या घरी स्पोर्ट्स कार आली ती उसाच्या ट्रॉलीतून. सांगलीतल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात ती कित्येक वर्षं चिकूच्या झाडाखाली उभी होती. डॉक्टरांनी हौसेनं घेतलेली, मग कंबर धरली म्हणून सोडून दिलेली. आमचे हे कुणाला तरी तपासायला घेऊन तिथं गेले आणि पेशंटला आत पाठवून स्वतः चिकूखाली उकिडवे बसले. फौजेच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. बंद पडलेली गाडी दिसली की त्यांना पुढचं काही दिसत नाही.

ट्रॉलीतून गाडी उतरवायला निम्मी गल्ली जमली. लाल रंग उडून विटकरी झालेला, वरचा कापडी टप फाटून लोंबत असलेला, आणि आत उंदरांनी सीटचा कापूस उपसून संसार थाटलेला. मी पदर खोचून भांडायला बाहेर आले होते. निवृत्तीनंतर माणसं शेळ्या घेतात, पिठाची गिरणी टाकतात. हे काय घेऊन आलात, असं वाक्य जिभेवर तयार होतं. पण आत डोकावले तर फक्त दोन सीट. मागं काहीच नाही, थेट डिकी. मी वाक्य गिळलं आणि चहा टाकायला गेले.

का गिळलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. लग्न झालं तेव्हा हे फौजेत आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. नोकरी सोडून त्यांच्यामागं हिंडायचं नाही हे मीच ठरवलेलं, त्याचं मला काही वाईट वाटत नाही. पण रजेवर आले की घर भरायचं. लग्नानंतर देवाला गेलो तेव्हा जीपमध्ये आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नणंदा, त्यांची पोरं आणि नारळांचं पोतं. मोटारसायकल घेतली तर मुलगा टाकीवर आणि मुलगी आमच्या दोघांच्या मधे. मुलं मोठी होऊन पुण्याला, कऱ्हाडला गेली. मग जीपमध्ये शेजारीण, तिची सून, कुणाचं तरी खत. आम्ही दोघंच, फक्त दोघंच, कुठं गेलो असं एकदाही झालं नाही. आता तर माझीही नोकरी संपलेली. ह्या गाडीत तिसरं माणूस मावणारच नव्हतं. मला ती गाडी त्या क्षणी आवडली. रंग, इंजिन, वेग, कशाशी मला घेणं नव्हतं.

हे मी कुणाला बोलले नाही. असलं बोलायची आमच्याकडं पद्धत नाही.

काम म्हशींच्या जुन्या शेडमध्ये सुरू झालं. म्हशी विकल्यापासून ते रिकामंच होतं. ह्यांची काम करायची तऱ्हा सगळी फौजी. जमिनीवर जुनं धोतर अंथरायचं, खोललेला प्रत्येक नट त्यावर ओळीनं मांडायचा आणि संध्याकाळी पाने मोजून पेटीत ठेवल्याशिवाय जेवायला उठायचं नाही. बारीक वस्तूंना डबा हवा म्हणून माझा मसाल्याचा डबा गेला. आठवडाभर शोधला, तर शेडमध्ये हळदीच्या वाटीत वायसर आणि जिऱ्याच्या वाटीत स्क्रू.

"नवीन आणा की," मी म्हणाले.

"आवं नवीन आणलाय की," ते म्हणाले. "तुज्यासाटी. ह्यो आता गाडीचा."

रागावले की लाडात आले की हे मला 'आवं' म्हणतात. त्यावेळी लाडात होते.

मदतीला माझे धाकटे दीर. ते उसाच्या ट्रॉल्या बनवतात. जे करायचं ते दणकट, हा त्यांचा धर्म. पहिल्याच दिवशी त्यांना बॉनेटवर पोचा दिसला. उन्हानं जरा बसका झाला होता एवढंच, पण ट्रॉलीवाल्याला पोचा दिसला की हात शिवशिवतात. भाऊ चहाला आत गेलेला बघून त्यांनी आतून हातोडा घातला. बॉडी पत्र्याची नव्हती, फायबरची होती. पापड मोडावा तसा बॉनेट मोडला. दीर हातोडा घेऊन तसेच उभे, आणि हे चहाचा कप घेऊन दारात. पाण्याच्या टाकीला ठिगळ मारायचं जे सामान मिळतं, त्यानं ह्यांनी बॉनेट परत जोडला. त्यात बरेच दिवस गेले आणि दीरांच्या हातात पुन्हा कुणी हातोडा दिला नाही.

पेट्रोलची टाकी गंजलेली, नळ्या कुजलेल्या. इंजिन उघडलं, धुतलं, बसवलं, पुन्हा उघडलं. मी सीटची कव्हरं शिवायला घेतली. रेक्झिनमध्ये माझ्या मशीनच्या सुया तटातट मोडायच्या. जाड सुया आणल्या, पायानं हळू हळू मारत शिवलं. दोन कव्हरं झाली. रंग कोणता लावायचा हे ह्यांनी मला विचारलं. मी मोरपंखी म्हणाले. ट्रॉल्यांना रंग देणारा माणूसच आला आणि गाडी खरंच मोरपंखी झाली. मागं 'आईची कृपा' लिहू का, असं तो विचारत होता, त्याला मी चिवडा देऊन वाटेला लावलं.

मग गाडी पहिल्यांदा गल्लीत काढली. आमच्या गल्लीच्या तोंडाला गावकऱ्यांनी स्वतः घातलेला स्पीडब्रेकर आहे, कुणाचं तरी वासरू गाडीखाली आल्यापासूनचा. मुरूम, वर सिमेंट, उंची ज्याच्या त्याच्या रागाच्या मानानं वाढत गेलेली. गाडी त्यावर चढली आणि अंड्यावर कोंबडी बसावी तशी पोट टेकून बसली. पुढची चाकं हवेत, मागची हवेत. चौघांनी उचलून घरी आणली.

आता दीरांना काम मिळालं. त्यांनी स्प्रिंगांखाली जाड लोखंडी ठोकळे घातले, चाकं मोठी बसवली. स्पोर्ट्स कार जमिनीला चिकटून असावी म्हणतात. आमची शेळीएवढी उंच झाली. शेजारचे म्हणाले, "आता नांगर जोडला तरी चालंल." पण मला ते बरं झालं. माझे गुडघे दुखतात. आधीच्या बसक्या गाडीत बसले असते तर उठवायला पुन्हा चौघं लागले असते. आता दार उघडलं की खुर्चीत बसावं तसं बसता येत होतं.

आणि त्याच संध्याकाळी घात झाला. बघायला आलेल्या प्रत्येकानं तेच विचारलं होतं, की एवढी गाडी आणि माणसं दोनच? आईला कुठं बसवणार? आमच्याकडं गाडीची किंमत तिच्यात किती माणसं कोंबता येतात ह्यावर ठरते. दीर गाडीभोवती फिरले, डिकीवर हात फिरवला आणि म्हणाले, "दादा, हितं कापलं तर मागं एक शीट बसतीया. आय बसंल आरामात."

हे लगेच म्हणाले, "व्हय. टाकू की."

क्षणाचाही विचार नाही. मी भाकरी थापत होते. ती तव्यावर टाकली आणि करपू दिली.

दुसऱ्या दिवशी दीरांनी ट्रॉलीच्या अँगलचा सीटचा सांगाडा केला. बसल्या बसल्या पूर आला तरी टिकेल असा. ह्यांनी उरलेलं रेक्झिन माझ्या मशीनवर आणून ठेवलं. तिसऱ्या सीटचं कव्हर. मी ते शिवलं नाही. रोज विचारायचे, झालं का? मी म्हणायचे, सुई मोडली. दोरा संपला. डोळे दुखतात. हा गडी इंजिनातला बारीक आवाज ओळखतो. बायकोचा आवाज बदललेला ओळखायला त्याला काय होतं, हा राग मी तो सगळा आठवडा गिळला. गाडी दोन माणसांची राहते की नाही, एवढाच प्रश्न होता, पण मला त्यापायी झोप येत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा एक जागा माझ्यासाठी आपोआप रिकामी झाली होती आणि आमच्याच माणसांनी ती भरायला घेतली होती.

दीरांनी डिकीवर खडूनं रेघ मारली. कटर लावला, वायर ओढली, प्लग घातला. आत्याबाई मापाला म्हणून उलट्या घमेल्यावर बसवलेल्या. हे मला म्हणाले, "कव्हर आण गं, मापानं बगू."

मी शेडच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "कव्हर नाही. मी शिवणार नाही. मला ह्या गाडीत तिसरं माणूस नकोय."

दीर खाली बघायला लागले. हे माझ्याकडं बघत राहिले. सासूसमोर, दिरासमोर मी असं काही बोलेन हे माझं मलाही खरं वाटत नव्हतं. पण बोलले ते बोलले, आणि पुढचंही बोलले: "मला तुमच्याबरोबर जायचंय. एकटीला."

आत्याबाई घमेल्यावरून उठल्या. गुडघ्यांवर हात टेकवत उठल्या, लुगडं झटकलं.

"मला कुनी इचारलं का?" त्या म्हणाल्या. "त्या डबड्यात बसून केस उडवत म्या कुठं जाऊ? शेंगा फोडायच्यात माज्या." आणि गेल्या. तो अँगलचा सांगाडा नंतर त्यांनीच मागून घेतला. तो आता ओट्यावर असतो. त्यावर उशी टाकून बसतात आणि म्हणतात, धाकट्यानं जन्मात एक काम धड केलं.

दीरांनी प्लग काढला आणि वायर गुंडाळत घरी गेले. शेडमध्ये आम्ही दोघं राहिलो. ह्यांनी खडूची रेघ फडक्यानं पुसायला घेतली. पुसून झाली तरी पुसतच राहिले.

"तुला नको हुतं तर आदी का न्हाई सांगितलंस?"

"तुम्हाला कळलं नाही?"

"न्हाई," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता: "माजं म्हनशील तर मला जरा बरंच वाटलं हुतं तिसरी शीट म्हनल्यावर. दोघंच आसल्यावर बोलायचं काय, ह्येची सवयच न्हाई मला."

मला हसू आलं आणि त्याच्यामागून रडू आलं. हा माणूस सरहद्दीवर राहून आला होता आणि माझ्याशी एकटं बोलायला घाबरत होता. मी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. म्हटलं, नाही बोललात तरी चालेल. गाडी चालवा नुसती.

ठरलं ते आटपाडीला जायचं. माझं माहेर. भाऊ-भावजय आहेत तिथं, एक रात्र राहायचं. पिशवीत कपडे घेतले, भावजयीला खरवस घेतला. दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. आत्याबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळी गल्ली बघत असताना मी डोक्याला रुमाल बांधून बसले. लाजही वाटत होती आणि मनातून मी हवेत होते, ते लपवत नाही.

त्या स्पीडब्रेकरवरून गाडी अलगद गेली. रस्त्याला लागल्यावर मला कळलं, की उघड्या गाडीत काही ऐकूच येत नाही. वारा, इंजिन आणि सायलेन्सरला दीरांनी दिलेली दणकट नळी. मी काहीतरी म्हणाले, हे म्हणाले, "आं?" हे काहीतरी म्हणाले, मी म्हणाले, "काय?" रहिमतपूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधे मोकळी रानं. त्यांचा चेहरा इंजिन ऐकण्यात गुंतलेला. मला वाटलं, ठीक आहे, असंच आटपाडीपर्यंत जाऊ. मी मागितलं होतं तेवढं मला मिळालं होतं.

थोडं पुढं एका चिंचेखाली त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. मला वाटलं, बिघडली.

"काय झालं?"

"काय न्हाई." दोन्ही हात स्टिअरिंगवरच. "मगाशी इचारत हुतो. आयकू गेलं न्हाई तुला."

"काय विचारत होता?"

"मी न्हवतो तवा, हितं काय काय झालं?"

मी म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे की, पत्रातनं, फोनवरनं कळवत होते. ते म्हणाले, ते नव्हे, ते समदं आईबापाचं आणि पोरांचं. तुजं सांग.

मी आधी थोडंच सांगणार होते. मुलाच्या वेळी शाळेतच पोटात दुखायला लागलं, आणि तास संपेपर्यंत मी फळा धरून उभी राहिले, ते सांगितलं. मग बदलीच्या गावची खोली, तिथल्या छपरावर रात्री पाऊस वाजायचा तेव्हा भीती वाटायची, ते सांगितलं. शिक्षकांच्या सहलीत समुद्र बघितला आणि पाण्यात कुणाचा हात न धरता पुढं गेले, हेही सांगितलं. ते ऐकत होते. ऊन चिंचेखालून सरकून गाडीवर आलं. खरवसाचा डबा आम्हीच उघडला आणि संपवला.

माझं सांगून संपलं तेव्हा त्यांनी रिकाम्या डब्याला झाकण लावलं आणि तो पायाशी ठेवला.

"रजेवर येताना रेल्वेत मी समदं ठरवून यायचो," ते म्हणाले. "हिला ह्ये सांगायचं, त्ये सांगायचं. घरी आलं की मानसंच मानसं. मग तसंच घेऊन माघारी जायचो. दर खेपेला."

"मग आता सांगा," मी म्हणाले.

त्यांनी पहिल्या पोस्टिंगपासून सुरुवात केली. त्या दिवशी आम्ही आटपाडीला पोचलो नाही.