बावन्नशेची बॅटरी

सुरेखाताईंनी काउंटरवर आधी वही ठेवली, मग बंद पडलेला फोन. दोन्ही माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "भाऊ, चौतीस टक्के."

"चौतीस टक्के काय?"

"चौतीसवर बंद पडला, आत्ता येताना येष्टीत. परवा एकोणतीसवर पडला. त्याच्या आदी एकतीसवर. समदं लिवलंय, वाचा की."

शुक्रवार पेठेत मी वीस वर्षं मोबाईल दुरुस्त करतो. गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येतात, वही घेऊन कोणी येत नाही. सुरेखाताई करकंबकडच्या एका वस्तीवरच्या आशाताई. गरोदर बायका, बाळंतिणी, तान्ही बाळं यांच्याकडे लक्ष ठेवायचं हे त्यांचं काम. त्यांची बहीण आमच्या गल्लीत राहते. त्या ओळखीवर महिन्यापूर्वी मी त्यांना नवी बॅटरी घालून दिली होती. आता वहीत सकाळी सातपासून दर तासाला टक्के मांडले होते, बाळाच्या तापाचा तक्ता मांडतात तसे. शेवटच्या रकान्यात रोज एकच शब्द होता: 'बंद'.

आमच्या धंद्यात पहिलं उत्तर ठरलेलं असतं. मी म्हणालो, "रेंज कमी असली की फोन बॅटरी जास्त खातो, ताई."

"रेंज पहिल्यापास्नं तसलीच हाय. जुन्या बॅटरीला बी तीच व्हती."

"मग घरात पोरं गेम खेळत असतील."

"माझ्या फोनाला कोन हात लावत न्हाय."

तिसऱ्या उत्तराची गरज सहसा पडत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते तयार नव्हतं.

इथे थोडं धंद्याचं सांगतो. बॅटरीवर एमएएच असं लिहून एक आकडा असतो. बॅटरीच्या पोटात किती माल मावतो, त्याचं ते माप. ताईंच्या फोनची कंपनीची बॅटरी चार हजारची. तीन वर्षं वापरून ती दमली होती, दुपारी चारला मान टाकायची. मी त्यांना घातली ती बावन्नशेची. होलसेलवाल्याकडून नवा लॉट आला होता. लांबी, रुंदी, जाडी अगदी जुन्या बॅटरीएवढी, आणि माल बाराशेनं जास्त. तेवढ्याच डब्यात बाराशे जास्त कसे मावले, हा प्रश्न मला पडला होता. पण विकायच्या वस्तूबद्दलचे प्रश्न दुकानदाराच्या मनात फार वेळ टिकत नाहीत. मी एक वर्षाची गॅरंटी लिहून दिली आणि वर "दोन दिवस चार्जिंगला बघू नका" असं सांगितलं.

"बदलून देतो," मी म्हणालो. "दुसरी बावन्नशेची घालतो."

ताई जागच्या हलल्या नाहीत. "मागल्या पंधरवड्यात एक बाळंतपण आलं. वस्तीवर. मी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला रस्ता सांगत व्हते, कॅनॉलच्या दुसऱ्या फाट्यावर वळा म्हनून. फोन बंद. त्यो पयल्या फाट्यावर वळला, आन तितं पाऊण तास उभा."

"मग?"

"वाचली दोघं. पर त्यात माझा हात न्हाय." त्यांनी वही मिटली. "आता पूजाचा नंबर हाय. पहिलटकरीन. ह्याच आठवड्यात. मला तीनच्या येष्टीनं परत जायचंय. तवर काय ते सांगा."

तेव्हा अकरा वाजले होते.

टाकाऊ बॅटऱ्या मी आधी पूर्ण रिकाम्या करतो आणि वाळूच्या डब्यात ठेवतो. भरलेली बॅटरी कुठे दाबली गेली तर पेट घेते. त्या डब्यात ताईंची जुनी बॅटरी अजून होती, त्यांच्या नावाची चिकटपट्टी लावलेली. ती काढली, फोनमधली नवी काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. मापाला जुळ्या.

ताईंनी एकेका हातात एकेक उचलली. मग हात बदलून पुन्हा उचलली.

"नवी हलकी लागतीया."

"तसं वाटतं."

"वाटत न्हाय, हाय. रोज बाळं तोलते मी. काटा हाय का तुमच्याकडं?"

माझ्याकडे नव्हता, पण समोर बसवराजअण्णांचं सोन्याचांदीचं दुकान आहे. अण्णांनी आम्हाला बॅटऱ्या घेऊन येताना पाहिलं आणि चष्मा वर करून कानडी हेलात विचारलं, "येनरी, आता ह्याच्याबी अंगठ्या घडवायच्या का?"

काचेच्या पेटीतल्या काट्यावर जुनी ठेवली: अठ्ठावन्न ग्रॅम. नवी ठेवली: शेहेचाळीस. अण्णांनी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवली. शेहेचाळीसच.

"माल कमी हाय हेच्यात," अण्णा म्हणाले. सोन्याबद्दल ते हे वाक्य ज्या आवाजात म्हणतात, त्याच आवाजात.

"बाळाच्या कार्डावर साडेतीन किलो लिवलं आन काट्यावर दोन भरलं, तर आमी काटा खरा धरतो," ताई म्हणाल्या.

मी तरी हट्ट सोडला नाही. वजन काही सांगतं, पण मीटर सगळं सांगतो. चार्जर आणि बॅटरीच्या मध्ये तो जोडला की आत किती माल गेला ते मोजतो. दोन्ही बॅटऱ्या रिकाम्याच होत्या. दोन्ही लावल्या. भरायला अडीच-तीन तास लागणार होते. तेवढा वेळ ताईंचा नंबर बंद ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं.

पुढचे तीन तास माझा फोन माझा नव्हता. कोणाच्या लोहाच्या गोळ्या संपल्या होत्या. कोणाच्या बाळाच्या लसीची जागा सुजली होती. एक आजोबा स्वतःचं बीपी सांगत होते, त्यांचा ताईंच्या यादीशी काहीच संबंध नव्हता. दीडच्या सुमाराला पूजाच्या सासूचा फोन आला. ताईंनी चार प्रश्न विचारले. किती वेळानं दुखतंय, कंबरेत की पोटात, पाणी गेलं का, बाळ फिरतंय का. मग म्हणाल्या, "आज न्हाय. पर दोन-तीन दिसात. कदीबी फोन करा, मी हाय." ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी हाय म्हनलेय मी."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. "फोन बंद पडला तर आमच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं," मी म्हणालो.

"तितं दुसरं दुकान न्हाय, भाऊ."

दोनला मीटर थांबले. तीन वर्षं झिजलेली जुनी: दोन हजार नऊशे. बावन्नशेची नवी: दोन हजार सहाशे.

म्हणजे मी ताईंची दमलेली बॅटरी काढून तिच्याहून अशक्त बॅटरी घातली होती, आणि वर अभिनंदन केल्यासारखा हसलो होतो.

"मग चौतीस टक्के कोन दावत व्हतं?" ताईंनी विचारलं.

"टक्के फोन स्वतः मोजत नाही, ताई. बॅटरीच्या टोकाला एक बारीक पट्टी असते. ती सांगते ते तो दाखवतो."

"मंजी ती खोटं बोलती."

"तिला कोणी शिकवलंय ते बोलते."

होलसेलवाल्याला फोन लावला. "शेठ, बावन्नशेच्या बॅटरीत सव्वीसशेच भरतात. वजनही बारा ग्रॅम कमी आहे."

"हलकी असली तर चांगलंच की. फोन हलका होतो."

"शेठ, आकडा खोटा आहे."

"आकडा काय बघता? नवीन टेक्नॉलॉजी हाय. बाकी कुणाची तक्रार न्हाय. तुमचीच कशी?"

बाकी कोणी वही ठेवत नाही म्हणून, हे मी बोललो नाही. आपलाच दाम खोटा, तर त्याच्याशी किती भांडणार?

फोन ठेवला तेव्हा ताई शोकेसमधल्या बॅटऱ्यांकडे बघत होत्या. रागावल्या नव्हत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी साधं विचारलं, "तुमच्या घरच्यांच्या फोनात कंची हाय?"

खरं सांगतो. आमच्या घरातल्या एकाही फोनमध्ये मी त्या लॉटची बॅटरी घातली नव्हती. का घातली नव्हती, ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. हात आपोआप आखडला होता एवढंच. घरच्यांसाठी आखडणारा हात गिऱ्हाइकासाठी मात्र सरळ होता. मला लाज वाटली.

दुकानाच्या वरच आमचं घर. बायकोचा फोन ताईंच्याच मॉडेलचा, कारण त्या वर्षी मी अख्ख्या गल्लीला तोच घ्या म्हणून सांगत होतो. तिच्या फोनला मागच्याच वर्षी मी कंपनीची बॅटरी मागवून घातली होती. वर गेलो, फोन मागितला, कारण सांगितलं.

"आणि मी काय करू?"

"नवी येईपर्यंत चार-पाच दिवस."

"मग ती बावन्नशेची माझ्यात घाला की. लई चांगली हाय म्हणत होता."

मी मान खाली घालून जिना उतरलो. बायकोची बॅटरी काढली आणि ताईंसमोर मीटरला लावली. भरायला पूर्ण वेळ नव्हता. तीनची एसटी गेली, साडेचारची मिळणार होती. तोवर जेवढी भरली तेवढ्यावरून ती धडधाकट दिसत होती. ताईंनी मीटरचा आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली आणि फोन पिशवीत घातला. गॅरंटीचा कागद परत दिला. "ह्यो तुमच्याकडंच असू द्या," म्हणाल्या.

त्या लॉटच्या एकोणीस बॅटऱ्या मी विकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बसून सगळ्यांना फोन केले. अकराजण आले, त्यांना बदलून दिल्या. सातजण म्हणाले, आमची झकास चालतेय, बावन्नशेची आहे. मी खरं काय ते सांगितलं. त्यातल्या तिघांना मी ती काढून घेऊन दुसऱ्याला जास्त भावानं विकणार, असा संशय आला. उरल्या ताई.

त्यांचा फोन चौथ्या दिवशी दुपारी आला, तालुक्याच्या दवाखान्यातून. मागे पाळण्यातलं कोणीतरी जोरात रडत होतं.

"पूजाला मुलगी झाली. ह्या बारीला गाडी बरोबर फाट्यावर वळली. पार वस्तीपतूर बोलत व्हते मी ड्रायव्हरशी."

मला हायसं वाटलं. तरी मेकॅनिक तो मेकॅनिकच. मी विचारलं, "आता किती टक्के आहे, ताई?"

त्या म्हणाल्या, "बघितलंच न्हाय की. सकाळधरनं येळच कुटं व्हता?"

चांगली बॅटरी कोणती, असं लोक मला अजून विचारतात. मी आकडा सांगत नाही. जिचे टक्के बघायचे राहून गेले तरी काही बिघडत नाही, ती.